वादळ नसतानाही दर्या खवळतो, त्या दिवसांची खबर रोज छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी केरीचा, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला, आपल्या पेपरचा बरीच वर्षं वाचक. मे महिना तोंडावर आलाय, शाळा-कॉलेजांना सुट्ट्या पडल्या की कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, पुणे सगळीकडच्या गाड्या आमच्या किनाऱ्यांवर येणार आणि मग कुणीतरी बुडाल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळीत येणार, ती येण्याच्या आधीच हे पत्र लिहितोय. वादळ येणार म्हटलं की आपण सगळे जागे होतो, टीव्ही लागतो, कलेक्टरचा आदेश निघतो, होड्या वर ओढल्या जातात. पण जवळपास कुठेही वादळ नाही, लख्ख ऊन पडलंय, वारा पण फारसा नाही, अशा दिवशीही दर्या माणसाला ओढून नेऊ शकतो आणि त्या दिवसांची खबर किनाऱ्यावरच्या माणसाला कुणी देत नाही. खबर तयार असते, सरकारी संस्थाच ती काढते, ती पाण्यात उतरणाऱ्या माणसापर्यंत येत नाही एवढंच.

हे कसं होतं ते जरा सांगतो, कारण माझ्याशी वाद घालणारे लोक नेहमी वर आकाशाकडे बोट दाखवतात. इथल्या इथे वाऱ्याने उठलेली लाट पाच-सात-आठ सेकंदांनी येते, ती दिसायला खूप खळबळ करते पण तिच्यात दम कमी असतो. लांबून आलेली लाट वेगळी. ती पंधरा सेकंदांनी, अठरा सेकंदांनी, कधी वीस सेकंदांनी येते, खोल समुद्रात तर ती कळत पण नाही, होडीतल्या माणसाला नुसतं हळू वर गेल्यासारखं नि हळू खाली आल्यासारखं वाटतं, पण तीच लाट उथळ पाण्यात आली की उंच होते, फुटते आणि फुटल्यावरही तिचं पाणी वाळूवर लांबच लांब चढत जातं, जिथे लोकांनी चपला, मोबाईल आणि लहान मुलं ठेवलेली असतात तिथपर्यंत. या लाटा येतात कुठून तर दक्षिण हिंदी महासागरातून, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या मधे पण त्याच्याही बरंच खाली जी मोठी वादळं होतात तिथून. ती वादळं आपल्याकडे कधीच येत नाहीत. त्यांनी ढकललेल्या लाटा मात्र हजारो किलोमीटर चालत काही दिवसांनी लक्षद्वीप, केरळ, कर्नाटक करत करत आपल्यापर्यंत येतात. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात आणि तिथे हे जास्त करून एप्रिल-मे मध्येच होतं, म्हणजे नेमकं आपल्या सुट्टीच्या हंगामात.

2024 चा मे महिना आठवा. हैदराबादच्या इन्कॉइसने, म्हणजे महासागराची माहिती देणारी जी केंद्र सरकारची संस्था आहे तिने, मेच्या पहिल्या आठवड्यात अशाच लाटांचा इशारा दिला होता. आणि 6 मे ला कन्याकुमारी जिल्ह्यात लेमूर बीचवर मेडिकल शिकणारी पाच मुलं बुडून गेली. पाच! डॉक्टर होणारी मुलं, शिकलेली, मोबाईल हातात असलेली. इशारा निघालेला होता हो, त्यांच्यापर्यंत गेला नाही किंवा गेला तरी त्याचा अर्थ काय हे कळलं नाही, दोन्हीत फरक काय राहिला सांगा. 

आणि हे फक्त तिकडचं दुखणं आहे असं कुणी समजू नये. 2017 च्या डिसेंबरात ओखी वादळ आलं तेव्हा ते गोव्यापासून लांबून गेलं, कन्याकुमारीकडून लक्षद्वीपवरून वर गुजरातच्या दिशेने. आमच्याकडे वाऱ्याचा म्हणावा तसा जोर सुद्धा नव्हता. पण 3 डिसेंबरला पौर्णिमा होती, उधाणाची भरती, आणि त्यावर ओखीच्या लाटा येऊन बसल्या, रात्रीत पाणी किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या शॅकमध्ये घुसलं, टेबल-खुर्च्या, फ्रीज, पलंग सगळं वाळूत. सकाळी लोक उभे राहून बघत होते आणि एकमेकांना विचारत होते की अरे वादळ तर आलंच नाही मग हे काय. वादळ कुठे आहे एवढंच आपण विचारतो, त्याच्या लाटा कुठे पोचणार आणि त्या दिवशी भरती किती वाजता आहे हे विचारत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावर लांबची लाट आली की किनारा अर्धा उरतो, हे रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या, जुन्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही.

ओखीचा खरा मार लक्षद्वीपला बसला, आणि केरळ-तमिळनाडूच्या मच्छीमारांना, शेकडो घरातली माणसं परत आली नाहीत. लक्षद्वीपची मला नेहमी काळजी वाटते, खरं सांगतो. दहा बेटांवर वस्ती, जमीन समुद्रापासून जेमतेम एक-दोन मीटर वर, मागे सरकायला डोंगर नाही की गाव नाही, लाट आली की या बाजूचं पाणी नि त्या बाजूचं पाणी यांच्या मधे माणूस. तिथे निदान भोवताली प्रवाळाचा कट्टा आहे, मोठी लाट त्याच्यावर फुटते आणि आतल्या पाण्यात तिचा जोर कमी होतो, म्हणून तिथे प्रवाळ मरतोय ही बातमी आपण माशांची बातमी म्हणून वाचू नये, ती त्या लोकांच्या घराच्या भिंतीची बातमी आहे. आपल्याकडे तसा कट्टा नाही. आपल्याकडे वाळूचे दांडे, म्हणजे पाण्याखालचे वाळूचे उंचवटे, आहेत आणि ते दर पावसाळ्यात मोडतात नि पावसाळ्यानंतर परत बनतात, जागा बदलून.

बेटं गोव्यातही आहेत हे पण विसरून चालणार नाही. दिवाडी, चोडण, जुवे. समुद्राची लाट तिथपर्यंत जात नाही पण वादळाने फुगलेलं पाणी मांडवीतून आत जातं, त्यात उधाण असेल आणि वरून पावसाचं पाणी उतरत असेल तर खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, बांध भरतात, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या कुजलेल्या असल्या की खारं पाणी थेट शेतात, आणि एकदा शेत खारं झालं की ते परत गोडं व्हायला किती वेळ लागतो ते शेतकऱ्यालाच विचारा. मे 2021 मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याच्या बाजूने गेलं तेव्हा झाडं पडली, वीज गेली, काही गावांना दिवसच्या दिवस अंधार, आणि बेटावरच्या माणसाची तर फेरी बंद झाली की दवाखाना पण बंद. त्यांना खबर आपल्या आधी मिळायला पाहिजे.

हे पुढे कमी होणार आहे असंही दिसत नाही. पुण्याच्या आयआयटीएमच्या, म्हणजे उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेच्या, शास्त्रज्ञांचा 2021 चा अभ्यास आहे, 1982 ते 2000 या काळाच्या मानाने 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली वादळं 52 टक्क्यांनी वाढली. आम्ही लहान असताना वादळ म्हणजे बंगालच्या उपसागरातली, ओरिसातली गोष्ट होती. आता फयान, ओखी, क्यार, तौक्ते, बिपरजॉय ही नावं आमच्या पोरांना पाठ आहेत. बिपरजॉय तर 2023 च्या जूनमध्ये कितीतरी दिवस समुद्रातच फिरत राहिलं आणि 15 तारखेला गुजरातला लागलं, तोवर आपल्या किनाऱ्यावर लाटा आपटत होत्या.

आता किनाऱ्यावर प्रत्यक्ष काय होतं ते. लाटा येतात, पाणी किनाऱ्यावर चढवतात, ते सगळं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूचा दांडा जिथे तुटलेला असतो तिथून ते एकवटून बाहेर जातं, मोरीतून न्हाणीचं पाणी जातं तसं. त्या जागी खोली जास्त म्हणून लाट फुटत नाही, बाजूला दोन्हीकडे पांढरा फेस नि मधला पट्टा गुळगुळीत, जरासा गढूळ, त्यावरून फेसाचे नि काटक्यांचे ठिपके हळूहळू बाहेर जाताना दिसतात. आम्ही म्हणतो इथे ओढ आहे. इंग्रजीत रिप करंट. आणि नवीन माणूस नेमका तिथेच उतरतो! कारण तिथे शांत वाटतं.

गेल्या सीझनला आमच्याकडे एक कोल्हापूरचं कुटुंब होतं, आजी, तिचे दोन मुलगे, सून, एक लहान नात फ्लोट घेऊन. बाकी सगळीकडे लाटा म्हणून ते बरोब्बर त्या मधल्या पट्ट्याकडे निघालेले. मी हाक मारली तर मोठा मुलगा म्हणतो, "काका, बघा की, हितं तर लाटाच न्हाईत, लहान पोरगी हाय म्हणून हितं आलोय." म्हणजे तो बाप म्हणून काळजीच घेत होता. मी त्याला म्हटलं दोन मिनिटं थांबा, आणि नारळाचा एक रिकामा कवचा पाण्यात टाकला. तो कवचा किनाऱ्याला परत आलाच नाही, सरळ बाहेर निघाला, बघता बघता दांड्याच्या पलीकडे. आजीने नातीचा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. मग त्यांना खालच्या बाजूला नेलं जिथे जीवरक्षकांचे लाल-पिवळे झेंडे होते, तिथे गुडघाभर पाण्यात मुलगी मनसोक्त खेळली. सांगितलं की लोक ऐकतात हो. दाखवलं तर नक्की ऐकतात. पर्यटक मस्तवाल असतात, ऐकत नाहीत, मरू देत, असं जे आपल्यातले काही लोक बोलतात ते मला अजिबात पटत नाही.

आणि ओढीत सापडलंच कुणी तर काय करायचं हे पण लिहितो, छापाल तर उपकार होतील. किनाऱ्याकडे तोंड करून सरळ पोहत यायचं नाही, त्या पाण्याशी चांगला पोहणारा पण जिंकत नाही, माणूस दमून बुडतो. उताणं पडून तरंगायचं, श्वास सांभाळायचा, हात वर करायचा, ओढ माणसाला खाली नेत नाही, बाहेर नेते, आणि दांड्याच्या बाहेर गेली की ती सैल पडते. जमत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि जिथे लाटा फुटतायत तिकडून आत यायचं. बघणाऱ्याने मागोमाग उडी टाकायची नाही, एकाला वाचवायला दुसरा नि दुसऱ्याला वाचवायला तिसरा असंच एका घरातले दोघं-तिघं जातात. पाण्याचा रिकामा कॅन, थर्माकोलचा डबा, दोर, जे तरंगेल ते फेकायचं आणि जीवरक्षकाला ओरडून बोलवायचं, कुणीच नसेल तर 112.

खडकांचं वेगळं. हणजूण, वागातोर, इकडे हरमल. लांबच्या लाटा घोळक्याने येतात, चार-पाच मोठ्या लागोपाठ, मग बराच वेळ काहीच नाही, पाणी खाली गेलेलं, खडक उघडा. त्या मधल्या वेळात माणूस फोटोसाठी पुढे जातो, पाठ दर्याकडे, तोंड मोबाईलकडे. पुढे जाण्याआधी निदान खडकाकडे बघावं, तो काळाकुट्ट ओला असेल, शेवाळ असेल, कालवं चिकटलेली असतील तर पाणी तिथवर येतं हे खडकानेच लिहून ठेवलेलं असतं. वरचा कोरडा, फिकट खडक दिसतो तिथेच उभं राहावं, पंधरा मिनिटं नुसतं बघावं.

जीवरक्षकांबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट. 2008 पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर दृष्टी या कंपनीचे जीवरक्षक आहेत, ते नसते तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. 2024 च्या ख्रिसमसला कळंगुटला पर्यटकांची बोट किनाऱ्यापासून जवळच उलटली, एक माणूस गेला पण वीस जणांना बाहेर काढलं, त्यांना काढणाऱ्यांत हीच जीवरक्षक मुलं होती. आमच्या गावातल्या, शेजारच्या गावातल्या घरातली मुलं आहेत ती, उन्हात दिवसभर शिट्ट्या मारतात आणि वर लोकांच्या शिव्या खातात. पण त्यांची ड्युटी दिवसाची, आणि सूर्य बुडाला की खरी गर्दी पाण्यात, त्यात बाटल्या. किनाऱ्यावर उघड्यावर दारू प्यायला 2019 पासून दंड आहे, कायदा आहे, तो संध्याकाळी सातनंतर किनाऱ्यावर दिसत नाही. आणि लाल झेंडा का लावलाय हे झेंड्यावर लिहिलेलं नसतं. लाल म्हणजे पाण्यात उतरायचं नाही, लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधे उतरायचं, एवढी साधी गोष्ट सुद्धा हुबळीहून पहाटे आलेल्या बसमधल्या माणसाला माहीत नसते, कारण ती त्याला कुणी कानडीत सांगितलेली नसते.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे हवामानाची बातमी येते ती अशी, "ताशी 45 ते 55 किलोमीटर वेगाने वारे वाहतील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये." चांगली आहे बातमी, मच्छीमाराला लागते. पण 1 जून ते 31 जुलै 61 दिवस मासेमारी बंदीच असते, बाकीच्या दिवसात मच्छीमार स्वतः दर्या बघूनच जातो. ज्याला काहीच कळत नाही त्या किनाऱ्यावरच्या माणसासाठी त्या बातमीत एक ओळ नसते. आणि वारा नसला की बातमीच नसते, लाट कितीही मोठी असो. इन्कॉइस मात्र लाटेची उंची देतं, दोन लाटांमधले सेकंद देतं, कुठल्या दिशेने येणार ते देतं, उंच लाटांचा इशारा देतं, 2020 पासून या लांबून येणाऱ्या लाटांचा वेगळा अंदाज देतं, हे सगळं फुकट, वेबसाईटवर आणि मोबाईलवर. आमच्या राज्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था बसलीय, पणजीत आल्तिनोला हवामान खातं. माहितीचा दुष्काळ नाहीये आपल्याकडे.

म्हणून माझी विनंती थेट आपल्यालाच आहे, सरकारला नंतर. आपण रोज पंचांग छापता, राशिभविष्य छापता, सोन्याचा भाव छापता, त्याच्या शेजारी चार बोटं जागा द्या. आजच्या भरतीच्या वेळा, लाट किती मीटर, किती सेकंदांनी, आणि खाली साध्या मराठीत एक वाक्य, "आज ऊन असलं तरी लांबच्या लाटा आहेत, कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका, खडकांवर जाऊ नका, लहान मुलांना पाण्याच्या रेषेपासून लांब बसवा." एवढंच. ज्या दिवशी इन्कॉइसचा इशारा असेल त्या दिवशी ते पहिल्या पानावर घ्या, अपघात झाल्यावर पहिलं पान मिळतंच ना, ते एक दिवस आधी द्या. बेळगाव नि कोल्हापूरच्या आपल्या व्यवसायबंधूंना पण सांगा, शुक्रवारच्या अंकात छापायला, कारण गाड्या शनिवारी पहाटे निघतात आणि तिथून निघतानाच हे वाचलेलं असलं तर पार्किंगमधल्या फलकाची गरजच कमी पडेल.

सरकारकडे मागणं म्हणाल तर फलक हवेत, पण ते "समुद्र धोकादायक आहे" असे बारा महिने तेच नकोत, ते कुणी वाचत नाही. रोज बदलणारे हवेत, मराठी, कोंकणी, हिंदी, कानडी, आणि ते वाळूवर नकोत, गाडी जिथे थांबते तिथे हवेत. कदंब बसच्या स्टँडवर, फेरी धक्क्यावर, गेस्ट हाऊसच्या काउंटरवर. मी स्वतः दोन खोल्या भाड्याने देतो, माझ्याकडे येणाऱ्याला मी आधार कार्ड मागतो तेव्हाच दर्याचं पण सांगतो, प्रत्येकाला हे बंधनकारक केलं तर कुणाचा धंदा बुडत नाही. आणि फलकावर काय लिहायचं ते ठरवताना प्रत्येक गावच्या रापणकाराला विचारा. दांडा यंदा कुठे तुटलाय, ओढ कुठल्या बाजूला आहे, हे उपग्रहाला आमच्या केरीच्या किनाऱ्यापुरतं कळत नाही, ते रोज पहाटे पाण्यात उभा राहणाऱ्याला कळतं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागला कासवांची घरटी राखणारे लोक आहेत, पाणी कुठवर चढतंय याच्यावर त्यांची रात्रभर नजर असते, त्यांनाही विचारा.

आमच्या केरी-तेरेखोल फेरीच्या धक्क्याजवळ चहाचं दुकान आहे, तिथे आपला पेपर सकाळी येतो. दुकानदाराला मी विचारून ठेवलंय, तुम्ही लाटांची चौकट छापायला लागलात की तो रोज ती खडूने मोठ्या अक्षरात बाहेरच्या फळ्यावर उतरवणार आहे, फळा मी आणून दिलाय. हिंदीत लिहायला त्याची मुलगी आहे, कानडी लिहिणारा एक माणूस आम्ही शोधतोय. मे सुरू व्हायच्या आत चौकट सुरू करता आली तर बघा.

आपला नम्र,
एक वाचक, केरी, पेडणे